अपघातानंतरची सोबत

अपघाताची वार्ता कानी पडताच माणसे धावून येतात, ही आपल्या गावांची जुनी आणि चांगली रीत आहे. माडावरून कोणी पडला, मोटारसायकलीवरून पडून कोणाच्या मानेला मार बसला, की पहिले आठ दिवस इस्पितळाच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा राहत नाही. जेवणाचे डबे येतात, फळे येतात, रात्री जागायला तरुण पोरे आपण होऊन तयार असतात. पुढे पंधरवडा उलटतो, शेतीची कामे तोंडावर येतात आणि गर्दी हळूहळू ओसरू लागते. सहा महिन्यांनी त्या घरी डोकावावे, तर खाटेवरचा माणूस आणि त्याची सेवा करणारी घरातली एक बाई, एवढीच दोघे उरलेली दिसतात. सोबतीची खरी परीक्षा तेथून पुढे सुरू होते. ती परीक्षा ज्यांनी दिली अशा काही माणसांची हकीकत आज आम्ही वाचकांपुढे मांडणार आहोत. ही माणसे दूरदेशींची, आणि त्यांचा व्यवसायही आपल्याला अपरिचित, म्हणजे सायकलींच्या शर्यतीचा आहे. पण जायबंदी माणसाचे घर सर्वत्र सारखेच असते.

खेळ आणि त्यातील धोका

बी. एम. एक्स. हे ह्या खेळाचे नाव. १९७० च्या सुमारास अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांताची मुले मोठ्यांच्या मोटारसायकल-शर्यतींची नक्कल करीत आपल्या लहान सायकली मातीच्या उंचवट्यांवरून पळवू लागली. त्या पोरखेळातून हा खेळ जन्मास आला. ह्या सायकलीचे चाक अवघे वीस इंचांचे असते. शर्यतीत आठ स्वार एका रांगेत उतारावर उभे राहतात, आणि मोठ्या स्पर्धांत हा उतार आठ मीटर, म्हणजे दोन मजली घराएवढा, उंच असतो. समोरचे फाटक पडले की सर्व जण एकदम खाली झेपावतात आणि उंचवटे, खळगे व वळणे ओलांडीत तीस-चाळीस सेकंदांत मार्ग संपवितात. बीजिंग येथे २००८ साली ह्या शर्यतीला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले. ह्याच सायकलीवर उंच उड्या व कोलांट्या घेण्याची आणखी एक शाखा आहे. स्वाराच्या डोक्यावर शिरस्त्राण असते, हे खरे. परंतु वेगाने डोक्यावर आपटणाऱ्या माणसाची मान शिरस्त्राणाने वाचतेच असे नाही.

एक वाग्दत्त जोडपे

सॅम विलोबी हे ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेडचे. ह्या खेळासाठी ते किशोरवयातच घर सोडून अमेरिकेला गेले. २०१२ आणि २०१४ अशी दोनदा त्यांनी जागतिक अजिंक्यपद मिळविले आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक जिंकले. अमेरिकेतील मिनेसोटा प्रांताच्या सेंट क्लाउड गावच्या अलीस पोस्ट ह्याही ह्याच खेळातल्या. लंडनला त्या पडल्या व अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या नाहीत. २०१४ च्या जानेवारीत त्यांची आई कर्करोगाने निवर्तली. सॅम आणि अलीस ह्यांचे लग्न ठरले, आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये दोघांनीही रिओ ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. सॅम सहावे आले, अलीस ह्यांना रौप्यपदक मिळाले.

त्यानंतर जेमतेम तीन आठवड्यांनी, १० सप्टेंबर २०१६ रोजी, कॅलिफोर्नियातील चुला व्हिस्टा येथे सराव करीत असता सॅम पडले. स्पर्धा नव्हती, प्रेक्षक नव्हते, हजार वेळा केलेलाच सराव होता. मानेचे सहावा व सातवा हे दोन मणके मोडले आणि मज्जारज्जू दबला. शस्त्रक्रिया झाली, परंतु छातीखाली हालचाल राहिली नव्हती आणि संवेदनाही अगदी थोडी होती. त्या वेळी त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते.

ह्या दुखापतीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे, कारण तो न समजल्यामुळे पुष्कळ घरांत रोग्याचेही हाल होतात आणि सेवेकऱ्याचेही. आपल्या मानेत सात मणके असतात व त्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो. मेंदूचा हुकूम हातापायांना पोहोचविणारी आणि हातापायांची खबर मेंदूला देणारी ही दोरी आहे. मोडलेले हाड सांधते, परंतु चिरडलेला मज्जारज्जू तसा भरून येत नाही. सहाव्या-सातव्या मणक्याशी इजा झाली, तर खांदे हलतात, कोपर वाकते, पण बोटांची पकड जाते आणि धड व पाय परके होतात. लोकांना वाटते की चालणे गेले म्हणजे झाले. प्रत्यक्षात लघवी-शौचावरचा ताबा, घाम येऊन अंग थंड होणे, बसल्याजागी तोल सांभाळणे, हे सारेच बिघडते. ज्या अंगाला दुखणे कळत नाही, त्या अंगाखाली चादरीची एक वळी राहिली तरी कातडी सडू लागते. म्हणून अंथरुणावरच्या अशा माणसाला साधारणपणे दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, कुशीवर वळवावे लागते. सोबत हा शब्द उच्चारायला गोड आहे, पण त्यात रात्री दोनचे आणि चारचे उठणेही येते.

काम परत देणे

उपचारानंतर आणि रोजच्या व्यायामाने सॅम ह्यांच्या अंगात थोडी थोडी हालचाल परत आली. अशा वेळी जवळच्या माणसांच्या हातून एक चूक सहज घडते. ती वाईट हेतूने नव्हे, तर मायेपोटीच घडते. सारे जण रोग्याकडे फक्त ‘आज पाय हलला का’ एवढ्याच दृष्टीने पाहू लागतात. पाय हलला की घरात सण, न हलला की सुतक. त्या माणसाच्या अंगी पायांशिवाय आणखी काही आहे, ह्याचा विसर पडतो.

सॅम ह्यांच्या अंगी पुष्कळ काही होते. फाटक पडण्यापूर्वी श्वास कधी घ्यावा, पहिल्या उंचवट्यावर वजन कोठे टाकावे, वळणावर कोणाला आत घुसू द्यावे आणि कोणाला देऊ नये, हे सारे दोनदा जगज्जेता ठरलेल्या माणसाला ठाऊक होते. ते ज्ञान मानेच्या मणक्यात नव्हते, म्हणून मोडलेही नाही. त्यांनी अलीस ह्यांचे प्रशिक्षकपद पत्करले. पूर्वी ज्या मार्गावर ते स्वतः पळत, त्या मार्गाच्या कडेला ते चाकांच्या खुर्चीत बसू लागले, आणि पळणारी स्त्री त्यांचा शब्द मानून पळू लागली. २०१७ च्या जुलैमध्ये, अपघाताला दहा महिने होतात न होतात तोच, अमेरिकेतील रॉक हिल येथे अलीस जगज्जेत्या ठरल्या. त्यांच्या आयुष्यातील हे पहिले जागतिक अजिंक्यपद होते आणि त्यांचे प्रशिक्षक होते सॅम.

येथे वाचकांच्या मनात एक प्रश्न निश्चित येईल. ज्या खेळाने होणाऱ्या नवऱ्याला खुर्चीला खिळविले, तोच खेळ त्या बाईने का चालू ठेवावा? आपल्याकडचा कोणीही वडीलधारा तिला म्हणाला असता, ‘पोरी, आता ती सायकल पुरे कर. तूही पडलीस तर ह्याला कोण पाहील?’ हा प्रश्न आम्ही क्षुल्लक मानीत नाही. धोका खराच होता आणि आजही आहे. परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. तिने आपले सर्व आयुष्य बंद करून खाटेशेजारी बसायचे ठरविले असते, तर त्या खाटेवरच्या माणसाला रोज सकाळी एकच गोष्ट दिसली असती, ती ही की आपल्यामुळे एक जीव वाया चालला आहे. जायबंदी माणसाच्या मनावर ह्याहून जड ओझे दुसरे नसते. सेवा करणाऱ्याने आपले काम, आपला छंद, आपली माणसे सांभाळणे हा स्वार्थ नव्हे. त्यामुळे रोग्याच्या मनावरचा भार हलका होतो. अर्थात त्यासाठी मागे आणखी चार हात उभे असावे लागतात, ह्याचा विचार पुढे येईलच.

३१ डिसेंबर २०१७ रोजी दोघांचे लग्न झाले. त्या दिवशी सॅम आधार घेऊन उभे राहिले आणि काही पावले चालले. त्याची चित्रे जगभर पसरली व लोकांनी डोळे पुसले. सुखात आणि दुःखात, आरोग्यात आणि आजारपणात साथ देण्याचे वचन लग्नाच्या वेळी सगळेच देतात. ह्या दोघांनी मात्र त्या वचनाचा अवघड भाग वचन देण्यापूर्वीच पंधरा महिने पाळून दाखविला होता. त्या काही पावलांपेक्षा ते पंधरा महिने आम्हांस मोठे वाटतात. दुसऱ्या दिवशी खुर्ची होतीच, आणि खुर्चीतले कामही होते. पुढे २०१९ साली बेल्जियममधील झोल्डर येथे आणि २०२४ साली पुन्हा रॉक हिल येथे अलीस विलोबी जगज्जेत्या झाल्या.

भाऊ आणि बहीण

दुसरे घर ऑस्ट्रेलियातील साकाकिबारा कुटुंबाचे. काई हा थोरला भाऊ, साया ही धाकटी बहीण. भाऊ सायकल चालवी म्हणून बहिणीने सायकल धरली, अशी ही जोडी. त्यांची आई जपानी. त्यामुळे २०२० साली तोक्यो येथे ठरलेल्या ऑलिंपिकमध्ये, आईच्या देशात, दोघांनी उतरावे ही घरादाराची आस होती. परंतु ८ फेब्रुवारी २०२० रोजी न्यू साउथ वेल्समधील बॅथर्स्ट येथे विश्वचषकाच्या शर्यतीत काई पडले आणि मेंदूला जबर मार बसला. सुमारे दोन महिने ते बेशुद्धावस्थेत होते. शुद्धीवर आल्यावर बोलणे आणि चालणे त्यांना पुन्हा शिकावे लागले.

मेंदूच्या दुखापतीची गोष्ट मणक्याच्या दुखापतीपेक्षा वेगळी आहे. माणूस हिंडू-फिरू लागला की लोक म्हणतात, ‘झाला की बरा!’ पण शब्द वेळेवर सापडत नाहीत, लहानशा कामानेही अतिशय थकवा येतो, आठवण दगा देते, स्वभाव कधी कधी पूर्वीचा राहत नाही. खुर्चीतल्या माणसाची अडचण दिसते तरी. ह्या माणसाची अडचण दिसत नाही, म्हणून त्याला आळशी, विसराळू, चिडका अशी विशेषणे लाभतात. येथे सोबत म्हणजे मुख्यतः धीर. त्याचे वाक्य त्याला पूर्ण करू द्यावे, तेच तेच पुन्हा विचारले तरी सांगावे, आणि पूर्वीच्या माणसाशी त्याची तुलना करू नये.

ऑलिंपिक एक वर्ष पुढे गेले. २०२१ च्या जुलैमध्ये साया एकट्याच तोक्योला उतरल्या. सायकलीवर त्यांनी भावाचा ७७ हा क्रमांक लावला होता. उपांत्य फेरीत त्यांचा व अलीस विलोबी ह्यांचा एकमेकींना धक्का लागून साया जोरात कोसळल्या. त्यांच्या मेंदूला हादरा बसला. अंतिम फेरी दोघींनाही लाभली नाही. जिचा नवरा मानेवर पडला ती आणि जिचा भाऊ डोक्यावर पडला ती, अशा दोघींच्या आशा एकाच मातीत मिळाव्यात, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे.

त्या हादऱ्याचा त्रास साया ह्यांना पुढे पुष्कळ काळ झाला व खेळ सोडावा की काय, हा विचारही त्यांच्या मनात आला. अशा विचारात भित्रेपणा मुळीच नाही. डोक्याला एकदा मार बसलेल्या माणसाने पूर्ण बरे होण्यापूर्वी पुन्हा खेळात उतरणे किती घातक असते, हे आज वैद्यकशास्त्र निःसंदिग्धपणे सांगते. साया थांबल्या, बऱ्या झाल्या आणि मगच परत आल्या. २०२३ साली त्यांनी विश्वचषक-मालिका जिंकली, आणि २ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस येथे ऑलिंपिकचे सुवर्णपदक पटकाविले. काई तेथे प्रत्यक्ष हजर होते. मधल्या काळात त्यांनीही एक नवी वाट धरली होती. सायकलीऐवजी अपंग खेळाडूंसाठी असलेल्या नौकानयनात ते वल्हे मारू लागले होते. म्हणजे बहिणीच्या विजयाला टाळ्या वाजविणे एवढेच काम त्यांच्या वाट्याला उरले नव्हते. त्यांचा स्वतःचाही उद्योग होता.

जे उठले नाहीत त्यांचे काय?

येथवर वाचून कोणी म्हणेल की, शेवटी पदक मिळाले म्हणून हे सारे गोड वाटते. ती शंका रास्त आहे. म्हणूनच तिसरे उदाहरण देतो. इंग्लंडचे स्टीफन मरे हे उड्यांच्या शाखेतले नामांकित स्वार. २००१ साली अमेरिकेतील एक्स गेम्स ह्या स्पर्धेत त्यांनी मातीच्या उंचवट्यांवरील उड्यांचे सुवर्णपदक जिंकले होते. २२ जून २००७ रोजी बाल्टिमोर येथे हजारो प्रेक्षकांसमोर हवेत मागे दोन कोलांट्या घेण्याच्या प्रयत्नात ते मानेवर आपटले. खांद्याखालचे सारे शरीर लुळे पडले. पाऊल टाकण्याचा प्रसंग त्यांच्या वाट्याला आला नाही. डोळे पुसून टाळ्या वाजवाव्यात असे एखादे चित्र तेथे नाही.

पण सोबत आहे. ‘खंबीर राहा’ अशा अर्थाचे दोन इंग्रजी शब्द, ‘स्टे स्ट्राँग’, त्यांच्या मित्रांनी व चाहत्यांनी आपल्या सायकलींवर, शिरस्त्राणांवर, सदऱ्यांवर लावले, आणि त्या नावाने पैसा उभा केला. त्यांच्या अपघातानंतर अशा जायबंदी खेळाडूंना साहाय्य देण्यासाठी अ‍ॅथलीट रिकव्हरी फंड हा निधीही स्थापन झाला. ह्यामागे एक कठोर हिशेब आहे. बक्षिसे आणि कंपन्यांचे करार ह्यांवर ज्याचा चरितार्थ चालतो, त्याची मिळकत पडल्या दिवसापासून आटते आणि खर्च त्याच दिवसापासून वाढतो. खर्च केवळ शस्त्रक्रियेचा नसतो. खुर्ची, खास गादी, उंबरठे काढून केलेले उतार, रुंद केलेली दारे, रात्रीचा मदतनीस, असा तो जन्मभर पुरतो. एकदाच मोठी वर्गणी काढणे त्या मानाने सोपे असते. दर महिन्याला थोडे, पण न चुकता देणे अवघड असते, आणि खरा उपयोग त्याचाच होतो.

मरे ह्यांच्या हकीकतीवरून आम्ही आणखी एक गोष्ट शिकतो. जायबंदी माणसाने बरे होऊन दाखविलेच पाहिजे, अशी सक्ती सोबत्यांनी करू नये. ‘जिद्द ठेव, तूही चालशील’ हे वाक्य पहिल्या महिन्यात आधार देते, आणि तिसऱ्या वर्षी तेच वाक्य टोचू लागते. जणू काही न चालणे हा त्याच्या जिद्दीचाच दोष! मज्जारज्जू किती चिरडला आहे, हे जिद्दीवर अवलंबून नसते. जो उभा राहिला तो शूर आणि जो राहिला नाही तो उणा, असा भेद करणारी सोबत ही सोबतच नव्हे.

आपल्या घरी, आपल्या गावी

सायकलींच्या ह्या शर्यती आपल्या गावी येवोत वा न येवोत, मान आणि डोके मोडण्याचे प्रसंग मात्र येतच राहणार. तेव्हा ह्या तीन हकीकतींतून घेण्याजोगे जे आहे ते थोडक्यात सांगतो.

पहिले असे की, उंचावरून पडलेल्या किंवा वाहनावरून आपटलेल्या माणसाला घाईने उठवून बसवू नये, रिक्षात कोंबू नये. मान आणि पाठ न वळविता, चार-पाच जणांनी एकाच वेळी उचलून त्याला फळीवर सरळ झोपवावे. गडबडीत केलेल्या उचलाउचलीने जे शिल्लक असते तेही जाऊ शकते.

दुसरे, भेटीला जाण्याची घाई सर्वांनी पहिल्याच आठवड्यात करू नये. चार घरांनी मिळून पाळ्या लावाव्यात, आणि त्या पाळ्या सहाव्या महिन्यात, दुसऱ्या वर्षातही चालू राहाव्यात. भेटीला गेल्यावर ‘कसे आहे?’ एवढे विचारून परतू नये. सेवा करणाऱ्या बाईला म्हणावे, ‘वहिनी, आज दुपारी मी येथे बसतो. तुम्ही बाजारात जाऊन या, नाही तर दोन तास स्वस्थ झोपा.’ ज्या घरी सेवेकरी खचला, त्या घरी रोगीही वाचत नाही.

तिसरे, रोग्याच्या देखत त्याच्याविषयी दुसऱ्याशी बोलू नये. जे विचारायचे ते त्यालाच विचारावे. अंगाला हात लावण्यापूर्वी, खुर्ची ढकलण्यापूर्वी त्याची अनुमती घ्यावी. ज्याच्या हातून सर्व काही गेले, त्याच्यापाशी होय आणि नाही म्हणण्याचा हक्क तरी राहू द्यावा.

आणि चौथे, आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे, हे की त्याला काम द्यावे. करमणुकीपुरते लटके काम नव्हे, तर जे तो न करील तर खरोखरच अडेल असे. माडावर चढणारा आता चढू शकत नसेल, पण कोणत्या माडाचे नारळ केव्हा उतरवावेत हे त्याच्याइतके कोणाला कळते? सुताराच्या हाताची पकड गेली असेल, पण लाकडाची पारख गेलेली नाही. संस्थेचा हिशेब, मुलांचा अभ्यास, दुकानाची देखरेख, बियाण्याची निवड ह्यांपैकी काही ना काही त्याच्या वाट्याला द्यावे, त्याचा मोबदला द्यावा आणि त्याचा शब्द मानावा. सॅम विलोबी ह्यांना लोकांच्या हळहळीचा फारसा उपयोग झाला नसता. आपल्या ज्ञानाची कोणाला तरी नित्य गरज आहे, ह्या खात्रीने त्यांचा दिवस भरला.

आपल्या आसपास असे एखादे घर आहे काय, ह्याचा प्रत्येक वाचकाने क्षणभर विचार करावा. असेल, आणि त्या घरी आपण शेवटचे गेलो त्याला वर्ष लोटले असेल, तर उशीर झाला म्हणून संकोच धरू नये. त्या घरी गर्दीचे दिवस संपले आहेत, आणि एका माणसाच्या येण्याला आता पूर्वीपेक्षा अधिक मोल आहे.